चेहरा नसलेली बाहुली

२०१९ च्या मे महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. शाळेला सुट्टी लागली होती आणि धाकट्या बहिणीचा ‘आपा, या वर्षी तरी ये’ हा आग्रह सात वर्षांचा जुना झाला होता. ती अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या फ्रीमाँट शहरात राहते. त्या वर्षी रमजान नेमका मे महिन्यात आला होता. अम्मीचे म्हणणे होते, परक्या मुलखात रोजे कशाला, ईद करून जा. पण ईद करून निघाले असते तर शाळा उघडायच्या आत परत येणे जमले नसते. शेवटी अम्मीनेच बॅग भरून दिली. कोकमे, फणसपोळी, कुळथाचे पीठ आणि सगळ्यांत वर, जुन्या ओढणीत गुंडाळलेली एक चिंध्यांची बाहुली.

ही बाहुली अम्मीने माझ्या भाचीसाठी केली होती. भाची नऊ वर्षांची. तिचा जन्म तिकडचाच, आणि नानीला तिने दोनदाच पाहिलेले. सावरीच्या कापसाने भरलेले अंग, काळ्या लोकरीची वेणी, काळ्या दोऱ्याने भरलेले डोळे आणि अंगावर अम्मीच्याच लाल ओढणीचा तुकडा. आम्ही बहिणी लहानपणी अशाच बाहुल्यांशी खेळलो. गुड्डा-गुडियाची शादी लावायची, शेजारच्या मुलींना दावत द्यायची, आणि रुखसतीच्या वेळी कोणीतरी खरेच रडायचे.

फ्रीमाँटला पोहोचल्यावर बाहुली भाचीच्या हातात दिली. तिने हसून ‘थँक यू, खाला’ म्हटले आणि बाहुली सोफ्यावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ती मला कपाटात दिसली. बहीण ओशाळून म्हणाली, “आपा, तिच्या खोलीत एवढी खेळणी आहेत. शिवाय बाहुलीला डोळे आहेत, नमाजच्या खोलीत नको म्हणून ठेवली.” मी काही बोलले नाही. अम्मीला फोनवर मात्र सांगितले की बाहुली फार आवडली.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बहिणीने पूर्वी पाठवलेल्या फोटोंत तिच्या दाराबाहेर ‘हाजा मिन फज्ले रब्बी’ लिहिलेली लाकडी पाटी होती. आता ती आत, जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीला होती. विचारले तर म्हणाली, “कोणी काही बोललेलं नाही. शेजारी चांगलेच आहेत. बातम्या ऐकून ऐकून एक दिवस आम्हीच आत आणली.” तोही विषय तिथेच संपला.

जपानटाउनच्या वाटेवर

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातला शनिवार होता. भाचीच्या शाळेतून एक कागद आला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानटाउनमध्ये मुलांसाठी जपानी कागदी बाहुल्या शिकवणार होते, आणि एका मुलाबरोबर दोन मोठी माणसे आलेली चालणार होती. बहनोई म्हणाले, तुम्ही तिघी जाऊन या. रोजा आपल्याकडच्यापेक्षा दीडेक तासाने मोठा, पण हवा थंड. तहान तशी जाणवत नव्हती.

फ्रीमाँटहून ‘बार्ट’ नावाची रेल्वे निघते. ओकलंड शहर मागे टाकून ती खाडीच्या पाण्याखालून थेट सॅन फ्रान्सिस्कोत शिरते. तिथून गिअरी रस्त्याने जाणारी ३८ नंबरची बस. बसमध्ये बसल्यावर मला मौलवी बरकतुल्लाह यांची आठवण झाली. मी उर्दू शाळेत शिकवते म्हणून असेल. भोपाळचे हे विद्वान १९०९ पासून काही वर्षे टोकियोत हिंदुस्तानी शिकवत होते. इंग्रजांविरुद्ध लिहितात म्हणून ती नोकरी गेली आणि १९१४ मध्ये ते जपानहून या सॅन फ्रान्सिस्को शहरात आले. याच शहरातून ‘गदर’ हे क्रांतिकारकांचे पत्र निघत असे. त्याचा पहिला अंक नोव्हेंबर १९१३ मध्ये निघाला, तो उर्दूत. आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच चळवळीतले. बरकतुल्लाहसाहेब पुढे काबूलमध्ये स्थापन झालेल्या हंगामी स्वतंत्र सरकारचे पंतप्रधान झाले, देशोदेशी फिरले आणि १९२७ च्या सप्टेंबरमध्ये याच शहरात वारले. त्यांची कबर जवळच्या सॅक्रामेंटोत आहे. हे मी भाचीला सांगितले तेव्हा तिने विचारले, “मग ते घरी कधी गेले?” मी म्हटले, “गेलेच नाहीत, बेटा.”

जपानटाउन म्हणजे पाच-सहा गल्ल्यांची वस्ती. मधल्या चौकात पाच मजल्यांचा सिमेंटचा मनोरा आहे. १९६८ मध्ये उभारलेला हा शांतिस्तंभ योशिरो तानिगुची या जपानी वास्तुकाराचा. शेजारच्या बुकानन गल्लीत दोन गोल कारंजी आहेत, कागदाच्या घड्या घालून केलेल्या फुलांसारखी, पण धातूची. ती रूथ असावा या कलावतीने केलेली. दुकानांत भांडी, पंखे, पुस्तके, तांदळाच्या पिठाच्या मिठाया. म्हातारी माणसे बाकांवर उन्हाला बसलेली. पहिल्या नजरेला वाटते, किती सुखाची वस्ती आहे!

१९०६ च्या मोठ्या भूकंपात या शहरातली जपानी माणसांची जुनी घरे गेली, तेव्हा ती या भागात येऊन राहिली. एके काळी ही वस्ती आजच्या कितीतरी पट मोठी होती. ती लहान का झाली, हे मला त्या दिवशी एका बाहुलीने सांगितले.

सेन्सेई

शिकवणी एका लहानशा सभागृहात होती. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या असतील. ठेंगण्या, पांढरे केस बारीक कापलेले, अंगावर खिसे असलेला एप्रन. सगळे त्यांना ‘सेन्सेई’ म्हणत होते. सेन्सेई म्हणजे गुरुजी किंवा बाई. शाळेत मुले मला दिवसभर तेच म्हणतात, म्हणून मला ते संबोधन एकदम घरचे वाटले.

भिंतीला लागून लांब फळी होती आणि तिच्यावर त्यांच्या हातच्या वीस-पंचवीस बाहुल्या. मुले कागद कापत होती तोवर मी फळीपुढे उभी राहिले. एखादे इतिहासाचे पुस्तक डावीकडून उजवीकडे मांडून ठेवावे तशी ती रांग होती. सुरुवातीला हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातली दरबारी स्त्री. तिच्या अंगावर एकावर एक असे झगे, आणि बाहीच्या टोकाशी प्रत्येकाची वेगळ्या रंगाची कड दिसावी अशी बेतलेली. त्या काळी ऋतूप्रमाणे कोणत्या रंगाखाली कोणता रंग घालायचा याचे नियम ठरलेले होते, आणि ज्या बाईला ते कळत नसत तिला दरबारात हसत. तिच्या शेजारी लांब दांड्याचे पाते घेतलेली तोमोए गोझेन, बाराव्या शतकातल्या युद्धकथांतली लढवय्यी स्त्री. मग एडो काळातला आग विझवणारा जवान, खांद्यावर आपल्या तुकडीचे निशाण. मग शाळेत जाणारी मुलगी, पायघोळ हाकामा आणि बूट घातलेली.

बाहुल्या कशा केल्या आहेत हे मी निरखून पाहू लागले, तेव्हा सेन्सेई जवळ आल्या. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी एक अर्धवट बाहुली माझ्या हातातच दिली. या प्रकाराला ‘किमेकोमी’ म्हणतात. किरी नावाच्या, आपल्या पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा भुसा खळीत मळायचा आणि साच्यात दाबून अंग तयार करायचे. वाळले की अंगावर जिथे जिथे कपड्याची घडी किंवा शिवण दिसायला हवी तिथे धारदार हत्याराने खाच पाडायची. मग खाचेत खळ भरायची, कापडाचा तुकडा अंगावर बसवायचा आणि त्याच्या कडा चपट्या सळईने खाचेत खोचायच्या. सुई-दोरा अजिबात नाही. सगळा कपडा खोचलेला. आपण कामाला लागताना पदर खोचतो ना, तो शब्द मला आठवला.

ही रीत अठराव्या शतकात क्योतो शहरात सुरू झाली. तिथल्या कामो देवस्थानात काम करणाऱ्या एका माणसाने उरलेल्या लाकडाच्या तुकड्यांना उरलेल्या कापडाचे कपडे खोचून लहान बाहुल्या केल्या, अशी तिची कहाणी आहे. म्हणजे ही कला मुळात उरल्यासुरल्या वस्तूंची. चेहऱ्याचा रंग मात्र सोपा नाही. शिंपल्यांची पूड करून ती सरसात कालवतात आणि पातळ थर देतात. एक थर वाळला की दुसरा. घासून गुळगुळीत करतात आणि मग बारीक कुंचल्याने भुवया काढतात. “भुवई काढताना मी श्वास थांबवते,” सेन्सेई म्हणाल्या. “आता वय झालं. एका श्वासात एकच भुवई होते.”

त्या टोकियोच्या उत्तरेकडच्या इवात्सुकी गावच्या. बाहुल्यांचे गाव म्हणूनच ते प्रसिद्ध आहे. निक्को इथले भव्य तोशोगू देवस्थान बांधायला गेलेले कारागीर परतताना या गावात राहिले, आजूबाजूला किरीची झाडे भरपूर होती, आणि त्यातून बाहुल्यांचा धंदा उभा राहिला, असे सांगतात. सेन्सेईंचे वडील बाहुल्यांना रेशमी धाग्याचे केस बसवायचे काम करीत. घरात बाहुल्यांची डोकी काड्यांना टोचून ओळीने वाळत घातलेली असत. लग्न करून १९७४ साली त्या अमेरिकेत आल्या. पहिली दहा वर्षे एका दुकानात हिशेब लिहिले. बाहुलीला हात लावला नाही. “तिकडे होते तेव्हा मला त्या कामाचा कंटाळा होता,” त्या म्हणाल्या. “मग आई गेली. तिचे किमोनो पेटीतून इथे आले. ते घालायची सवय राहिली नव्हती, आणि टाकायचा धीर होत नव्हता. तेव्हा वडिलांचे हात आठवले.”

फळीवरच्या त्या दरबारी स्त्रीच्या अंगावरचे झगे त्यांच्या आईच्या किमोनोचे होते.

दोन बाहुल्या

रांगेच्या अगदी उजव्या टोकाला दोन बाहुल्या वेगळ्या होत्या. पहिली एक तरुण बाई. साधा सुती किमोनो, शेजारी वेताची पेटी, हातात नखाएवढे छायाचित्र. सेन्सेई म्हणाल्या, ही ‘फोटोवरची नवरी’. १९०७-०८ च्या सुमारास अमेरिकेने जपानी मजुरांचे येणे थांबवले, पण आधी आलेल्यांच्या बायकांना येऊ दिले. मग मजूर आपला फोटो गावी पाठवीत, मुलीचा फोटो इकडे येई, लग्न तिकडे नोंदले जाई आणि नवरी बोटीने येई. समोरच्या एंजल बेटावर उतरून, हातातला फोटो पाहत, ती गर्दीत नवरा शोधी. कित्येक फोटो दहा-दहा वर्षांपूर्वीचे असत. १९२० पर्यंत हजारो मुली अशा आल्या.

बहीण शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “माझं तरी काय वेगळं झालं, आपा? मी यांना निकाहाआधी फोटोतच पाहिलं होतं.” आम्ही तिघी हसलो.

दुसरी बाहुली सात-आठ वर्षांच्या मुलीची होती. तिच्या अंगावर किमोनो नव्हता. कोट, बूट, गुडघ्यापर्यंत मोजे, अगदी अमेरिकन मुलीसारखे. कोटाच्या बटणाला कागदाची एक चिठ्ठी बांधलेली आणि तिच्यावर आकडा.

१९४१ च्या डिसेंबरमध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकमावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सर्व माणसांना घरे सोडावी लागली. एक लाख वीस हजारांच्या आसपास माणसे. त्यांतली दोन-तृतीयांश तर अमेरिकेत जन्मलेली, कायद्याने अमेरिकन नागरिक. प्रत्येक कुटुंबाला एक नंबर. तो नंबर सामानावर बांधायचा आणि मुलांच्या कोटावरही. हाताने उचलता येईल तेवढेच सामान न्यायचे. या गल्ल्यांतली बहुतेक माणसे आधी शहराच्या दक्षिणेला तानफोरान इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात ठेवली. घोड्यांच्या तबेल्यांत चुना फासून कुटुंबे राहिली. मग त्यांना आगगाडीने युटा राज्यातल्या वाळवंटात टोपाझ नावाच्या छावणीत नेले. काटेरी कुंपण, पहारा आणि डांबरी कागद लावलेल्या बराकी. तिथे आठ हजारांवर माणसे होती.

जपानहून तरुण वयात आलेले चिउरा ओबाता हे चित्रकार तेव्हा बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनाही नेले. त्यांनी तबेल्यांच्या त्या छावणीत चित्रकलेची शाळा काढली आणि टोपाझमध्येही. बायकांनी वाळवंटात सापडणाऱ्या शिंपल्यांची फुले केली. कारंजी करणारी रूथ असावाही त्या वेळी शाळकरी वयाची, अशाच छावणीत होती. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले. पण माणसे परतली तोवर घरे, दुकाने दुसऱ्यांची झाली होती. नंतर रस्ता रुंद करण्यासाठी आणि नव्या बांधकामासाठी उरलेल्या गल्ल्याही पाडल्या. वस्ती लहान झाली ती अशी.

“मी हे आमच्या शाळेत कधी शिकले नव्हते,” सेन्सेई म्हणाल्या. “मी युद्धानंतर आलेली. इथल्या म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बाहुल्या शिकायला यायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. एकदा मी तीन मार्चच्या सणाच्या बाहुल्या मांडल्या. एक बाई त्यांच्यापुढे खूप वेळ उभी राहिली. म्हणाली, आमच्याकडेही अशा होत्या. पर्ल हार्बरनंतर पोलीस घरोघर झडती घेत होते. जपानची कुठलीही वस्तू सापडली की संशय. लोकांनी पत्रं जाळली, पुस्तकं जाळली. माझ्या आईने बाहुल्या जाळायला घेतल्या, पण तिच्याने होईना. तिने रात्री अंगणात खड्डा खणला.”

“मग परत आल्यावर काढल्या?” माझ्या बहिणीने विचारले.

“घर भाड्याचं होतं. परत आल्या तेव्हा तिथे दुसरे लोक राहत होते. दार वाजवून काय सांगणार, तुमच्या अंगणात आमच्या बाहुल्या आहेत?”

ती बाई आता हयात नाही. चिठ्ठी बांधलेली बाहुली सेन्सेईंनी तिच्यासाठी केली. कोटाचे कापड त्या बाईनेच आणून दिले होते.

शिक्षकांनी लपवलेल्या बाहुल्या

भिंतीवर एक जुने छायाचित्र होते. लहान मुलीएवढी बाहुली, सरळ कापलेले केस, भरजरी किमोनो. तिची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

१९२४ मध्ये अमेरिकेने नवा कायदा करून जपान्यांचे येणे पुरतेच बंद केले. आपल्या लोकांना तर त्याआधी १९१७ मध्येच बंदी झाली होती. १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांना, तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असे सांगितले होते. दोन निकालांत तीन-चार महिन्यांचेच अंतर. जपानमध्ये १९२४ च्या कायद्याचा फार संताप झाला. त्या वेळी सिडनी गुलिक नावाच्या, जपानमध्ये वीसहून अधिक वर्षे राहिलेल्या पाद्र्यांना वाटले, मोठ्यांची मने आता वळत नाहीत, निदान मुलांची तरी जोडावीत. त्यांच्या खटपटीने अमेरिकन मुलांनी बारा हजारांहून अधिक बाहुल्या जमवल्या आणि १९२७ च्या तीन मार्चच्या सणासाठी जपानच्या शाळांना पाठवल्या. प्रत्येक बाहुलीबरोबर पत्र आणि खोटा-खोटा पासपोर्ट!

जपानी बाजूने ही कामगिरी शिबुसावा एइइची या वयोवृद्ध उद्योजकांनी अंगावर घेतली. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर ज्यांचे चित्र आहे तेच हे. उत्तर म्हणून जपानी शाळकरी मुलांनी थोडे थोडे पैसे जमवले आणि उत्तम कारागिरांकडून ५८ मोठ्या बाहुल्या करवून घेतल्या. उंची सुमारे ८१ सेंटीमीटर. प्रत्येकीला एखाद्या प्रांताचे किंवा शहराचे नाव, आणि बरोबर लाकडी पेटी, चहाची भांडी, दिवे. त्या १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये याच सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात उतरल्या. ज्या देशात जपानी माणसाला यायला बंदी होती, तिथे जपानी बाहुल्यांचे हार घालून स्वागत झाले!

पुढे युद्ध आले. जपानमध्ये निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रू ठरल्या. त्या मोडा, जाळा, असे सांगितले गेले आणि बहुतेक शाळांनी तसे केले. पण काही शाळांत शिक्षकांनी त्या गुपचूप लपवल्या. कुणी अडगळीच्या खोलीत, कुणी माळ्यावर, कुणी कपाटामागे. पुढे कित्येक वर्षांनी त्या सापडू लागल्या. बारा हजारांतल्या तीनशेहून थोड्या अधिक आज शिल्लक आहेत.

मी वीस वर्षे शिकवते आहे. वरून हुकूम येतो, आपण सही करतो, आणि तसे करून मोकळे होतो. युद्धाच्या काळात, पकडले गेलो तर देशद्रोही ठरू हे ठाऊक असताना, एका खेळण्यासाठी कोणी एवढा धोका का पत्करला असेल? सेन्सेईंना मी तसे विचारले. त्या म्हणाल्या, “मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं. नाव ठेवलेली वस्तू मुलांसमोर जाळायची, हे शिक्षकाला कसं जमावं?”

भाचीचा प्रश्न

एवढ्यात चहा आला. सेन्सेईंनी माझ्यापुढे कप ठेवला तेव्हा मी रोजा असल्याचे सांगितले. त्यांनी कप उचलला, स्वतःचाही उचलला, आणि दोन्ही आत नेऊन ठेवले. मी नको नको म्हणत राहिले. त्या म्हणाल्या, “माझी आई सांगायची, पाहुणा जेवत नसेल तर आपणही हात आवरावा.” मिठाईची पेटी मात्र त्यांनी बांधून दिली, संध्याकाळसाठी.

भाची माझ्याजवळ आली. तिच्या हातात तिने केलेली बाहुली होती. पुस्तकात खुणेला ठेवतात तशी चपटी. घडी घातलेल्या नक्षीदार कागदाचा किमोनो, काळ्या कागदाचा अंबाडा आणि मध्ये कोरा पांढरा गोल. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. तिने मला हळूच विचारले, “खाला, मी बाकीच्यांसारखा पेनाने चेहरा काढू का? आपल्यात चालतं का?”

मी तिला हजरत आयशा (रजि.) यांची गोष्ट सांगितली. त्या लहान असताना बाहुल्यांशी खेळत. मैत्रिणी खेळायला येत आणि प्रेषित मुहम्मद (स.) घरात आले की लाजून लपत, तर ते स्वतः त्यांना पुन्हा खेळायला पाठवत. एकदा त्यांच्या खेळण्यांत दोन पंखांचा घोडा दिसला. पंख चिंध्यांचे होते. घोड्याला कुठे पंख असतात, असे विचारल्यावर हजरत आयशा (रजि.) म्हणाल्या, हजरत सुलैमान (अलै.) यांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकले नाही का? त्यावर प्रेषित (स.) मनमोकळे हसले. पुतळ्यांविषयी आपल्या उलेमांचे म्हणणे कडक आहे, पण मुलांच्या खेळण्यांना बहुतेकांनी सवलत दिली आहे. काही घरांत चेहरा नसलेली बाहुली बरी मानतात. हे सगळे मी तिला तिच्या वयाच्या भाषेत सांगितले.

सेन्सेई ऐकत होत्या. त्यांना प्रश्न समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “या कागदी बाहुल्यांना आमच्याकडेही पूर्वीपासून चेहरा काढत नाहीत. मुलगी खेळताना तिला आज हसरी समजेल, उद्या रुसलेली समजेल. आपण काढून दिला तर ती एकच राहते.”

जपानमध्ये बाहुलीभोवती काही समजुती आहेत. आजार, अरिष्ट बाहुलीवर जावे म्हणून कागदाच्या बाहुल्या नदीत सोडतात, जुन्या बाहुल्यांना विधिपूर्वक निरोप देतात. आपली श्रद्धा वेगळी आहे आणि ते मी भाचीलाही सांगितले. पण बाहुली कोऱ्या चेहऱ्याची ठेवायचे तिने स्वतःच ठरवले.

निघताना मी मोबाइलमधला अम्मीच्या बाहुलीचा फोटो सेन्सेईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला. मान कशी बसवली आहे? मान कलत नाही, आत काडी आहे की शिवणीचीच ताकद? हाताचा पंजा कसा उलटवला? त्यांनी असे चार-पाच प्रश्न विचारले आणि मला एकाचेही उत्तर देता आले नाही. दर सुट्टीत अम्मीजवळ बसून मी वह्या तपासत असे, आणि ती शेजारी बाहुली शिवत असे. मी कधी पाहिलेच नव्हते.

“आई आहे ना?” सेन्सेईंनी विचारले.

“आहे.”

“मग विचारून घ्या. मला फोनवर विचारायची सोय नव्हती.”

घरी

त्या संध्याकाळी आमच्या दस्तरखानावर खजूर होते, फ्रीमाँटच्या अफगाणी तंदूरचे लांबलचक नान होते आणि जपानी मिठाई होती. बहिणीने पेटीवरची चिठ्ठी वाचून पाहिली. तांदूळ, साखर, लाल कडधान्य. मऊ पारीत गोड पुरण, आपल्या मोदकाची दूरची बहीण म्हणावी तशी. बहनोईंनी बाहुल्यांच्या खड्ड्याची गोष्ट ऐकली आणि बराच वेळ भिंतीवरच्या पाटीकडे पाहत राहिले.

माझा मुक्काम होता तोवर ती पाटी आतच होती. मी त्यांना काही म्हटले नाही. तिथे राहणे त्यांना आहे, मला नाही. पण भाचीने आपली कागदी बाहुली खिडकीच्या काचेला, रस्त्याच्या बाजूने चिकटवली. अम्मीची बाहुली कपाटातून निघून तिच्या पलंगावर आली, आणि तिचे नाव तिने ‘नन्ही’ ठेवले.

परत आल्यावर त्या पावसाळ्यात मी अम्मीजवळ बसले. मानेत काडी नसते. ओढणीच्या चिंधीची घट्ट गुंडाळी करून ती छातीपर्यंत उतरवतात, म्हणून मान कलत नाही. पंजा उलटवायला झाडूची हीर लागते. अम्मी म्हणाली, “वीस वर्षं मास्तरीण आहेस आणि आज शिकतेस?” त्या जुलैत आम्ही दोघींनी तीन बाहुल्या केल्या. माझी पहिली बाहुली वाकडी झाली. अम्मी २०२१ मध्ये अल्लाहला प्यारी झाली. ती वाकडी बाहुली आज माझ्या कपाटात आहे.

आता दरवर्षी सातवीच्या वर्गात एक तास मी बाहुलीचा ठेवते. लग्नाच्या जुन्या पत्रिका मुले घरून आणतात. सोनेरी कागदाचे कपडे, काळ्या कागदाचे केस आणि चेहरा कोरा. मग प्रत्येकाने घरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून त्या बाहुलीची गोष्ट लिहायची, उर्दूत किंवा मराठीत. कुणाची दादी कोयना धरणात बुडालेल्या गावातून आलेली निघते, कुणाचे नाना बोटीवर खलाशी असतात. बहुतेक मुलांना हे आधी माहीत नसते.

वाचक भगिनींनो, आपल्या घरातही कुणाच्या तरी हातात असे काही असेल. गोधडीचा टाका, मेंदीची नक्षी, एखाद्या लोणच्याचे माप. ईदला सगळे एकत्र येतील तेव्हा शेजारी बसून तेवढे विचारून घ्या. बघता बघता शिकू, असे मीही म्हणत होते.